दहा फोटोंची रवानगी

अजित तोडणकरांना कॉम्प्युटर येतो ही गोष्ट दिवेआगरात सगळ्यांना ठाऊक होती, कारण ती त्यांनीच सगळ्यांना सांगितली होती. तालुक्याच्या कचेरीत त्यांनी उभी हयात कारकुनी केली. त्यात मधेच फर्मान निघालं की एमएससीआयटी पास व्हा, नाहीतर पगारवाढ विसरा. कचेरीतल्या निम्म्या लोकांना नुसता माउस हातात धरला तरी घाम फुटायचा. अजितराव पहिल्या फटक्यात पास झाले. ते सर्टिफिकेट अजून त्यांच्या ओटीवर फ्रेम करून लावलेलं आहे, गणपतीच्या तसबिरीपेक्षा जरा वरच. ते देवापेक्षा वर का, असं त्यांच्या बायकोने, जयमालाने, एकदा विचारलं होतं. तिथे खिळा आयता होता, असं उत्तर मिळालं.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं. घरात एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याच्यावर जयमालाने विणलेलं झाकण असतं आणि त्याला हात लावायचा अधिकार फक्त भाऊसाहेबांना. तो सुरू व्हायला जो वेळ घेतो, तेवढ्यात एक चहा होतो. भाऊसाहेबांना त्याचं वाईट वाटत नाही. जबाबदार माणूस टेबलावर येऊन बसायलाही वेळ घेतोच, असं त्यांचं म्हणणं.

तर ह्या कॉम्प्युटरवर एक खरोखरीची जबाबदारी येऊन पडली ती जयमालामुळे. वीस सालच्या जूनमधल्या वादळाने तोडणकरांची वाडी पार झोपवली होती. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, माडांचे शेंडे उडाले, घरावर कौल म्हणून उरलं नाही. भाऊसाहेब भरपाईच्या कागदांमागे लागले आणि जयमाला कुदळ घेऊन वाडीत उतरली. तिने आपल्या हाताने नवी रोपं लावली, शिंपली, आणि घर उभं राहिल्यावर पाहुण्यांसाठी मागे दोन खोल्या बांधून घेतल्या. पण घर पडलं आतल्या आळीत. पाहुणे समुद्राकडच्या मोठमोठ्या पाट्या बघून तिकडेच वळायचे. तोडणकरांकडे यायचे ते रस्ता चुकलेले.

अलिबागच्या किनारा महिला पर्यटन संस्थेने मग ठरवलं की बायकांनी चालवलेली मोजकी घरं निवडायची आणि हंगामभर तिथे सहली पाठवायच्या. निवडीसाठी अलिबागला जायचं, पडद्यावर घराचे दहा फोटो दाखवायचे आणि माइकवर पाच मिनिटं बोलायचं. जयमालाने नाव दिलं. रात्री जेवताना तिने नवऱ्याला सरळ सांगून टाकलं, "ह्या वर्षी जमलं तर जमलं. न्हायतर खोल्यांना कुलूप लावू, वाडी खंडाने देऊ कुणाला तरी, आणि खारघरला सोनलकडं जाऊन ऱ्हावू. माझी आता कंबर ऱ्हायली न्हाय." भाऊसाहेबांचा घास हातातच राहिला. लेकीच्या फ्लॅटच्या गॅलरीतून समोरच्या फ्लॅटची गॅलरी बघत म्हातारपण काढायचं, ह्या कल्पनेनेच त्यांना धाप लागली.

फोटो जयमालाने महिनाभर जीव लावून काढले होते, आपल्या फोनवर. सारवलेलं अंगण, नव्या खोल्या, विहिरीवरची सकाळ, आणि सगळ्यात शेवटी तिने स्वतः लावलेल्या पोफळीला धरलेला सुपारीचा पहिला घड. तो फोटो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. दूधवाल्याने तर तीनदा बघितला होता.

आता हे दहा फोटो फोनमधून पेनड्राइव्हमध्ये घालायचे, एवढंच काम. सोनल फोनवर म्हणाली, मम्मी, मला पाठवून दे, मी इथून दोन मिनिटांत परस्पर संस्थेला मेल करते. भाऊसाहेबांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. घरात सर्टिफिकेट लटकत असताना घरचं काम खारघरला पाठवायचं, म्हणजे दारात विहीर असताना टँकर मागवण्यातली गत. त्यांनी सोनलला कळवलं की प्रकरण इथेच हाताळलं जाईल. मग बोर्ली पंचतनला जाऊन, चिरागच्या झेरॉक्सच्या दुकानातून, तीन पेनड्राइव्ह उलटसुलट बघून त्यांनी चौथाच निवडला आणि पावती घेतली.

पहिला दिवस वायरीत गेला. फोनला वायर लावली, वायर कॉम्प्युटरला लावली, तर फोन नुसता चार्ज होऊ लागला. फोटोंचा पत्ता नाही. तेवढ्यात गडग्याच्या दगडी भिंतीपलीकडून शेजारचा अंबाजी आला. अंबाजीकडे कॉम्प्युटर नाही, त्यामुळे कॉम्प्युटरबद्दलची त्याची मतं फार स्पष्ट आहेत. समुद्राची हवा, भोकात गंज चढला असणार, खोबरेलाचं बोट फिरवा, असं तो म्हणाला. भाऊसाहेबांनी आधी नकार दिला, मग अंबाजी गेल्यावर फिरवलं. त्यानंतर वायर भोकात टिकेनाशी झाली, ती घरंगळून बाहेर यायची. संध्याकाळी आळीतल्या मनुबाई विरजण मागायला आल्या आणि जाता जाता सांगून गेल्या, की त्यांच्या जावयाचे फोटो असेच ह्याच्यातनं त्याच्यात करताना गेले. बारशाचे होते. पोरगा आता मिसरूड फुटायला आला, पण त्याच्या बारशाला कोण जेवलं ह्याचा काहीही पुरावा नाही. त्या रात्री भाऊसाहेबांना झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. फोनच्या पडद्यावर केव्हापासून एक चौकट येऊन थांबली होती: ह्या कॉम्प्युटरला फोटो बघू द्यायचे का? आपण सगळे कॉम्प्युटरकडे बघत होतो आणि अर्ज फोनच्या टेबलावर पडून होता! परवानगीशिवाय कागद पुढे न सरकवणारा फोन बघून भाऊसाहेबांच्या मनात त्याच्याबद्दल आदर उत्पन्न झाला. त्यांनी परवानगी दिली.

फोटो दिसले. पहिला होता अंगणातल्या कोंबडीचा. आधी एकावर प्रयोग करावा म्हणून त्यांनी तो कॉपी केला आणि पेस्ट दिलं. काहीच घडलं नाही. आता, कचेरीत एखाद्या कागदावर कार्यवाही झाली नाही तर माणूस काय करतो? स्मरणपत्र पाठवतो. भाऊसाहेबांनी पुन्हा पेस्ट दिलं. मग दुसरं स्मरणपत्र, मग तिसरं, मग जरा कडक शब्दांत चौथं, आणि पुढे पुढे तर बोट उचलायचंही सोडून दिलं. कॉम्प्युटर मंद होता पण प्रामाणिक होता. त्याने सगळी स्मरणपत्रं नोंदवून घेतली आणि सावकाश, एकेकाचा मान राखत, प्रत्येकावर कार्यवाही केली. चहा घेऊन जयमाला आली तेव्हा पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कोंबड्याच कोंबड्या होत्या, आणि आणखी येत होत्या. शेवटी जागा संपल्याचं कॉम्प्युटरनेच जाहीर केलं.

"एकच हाय ना ती कोंबडी?" जयमालाने विचारलं.

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. तांत्रिक बाब आहे, म्हणाले.

कोंबड्या काढण्यात एक अख्खा दिवस गेला, आणि त्या निम्म्या निघाल्या असताना लाईट गेली. लाईट आल्यावर कॉम्प्युटर सुरू होताना असा काही आवाज करू लागला की मागच्या दारी बसलेली खरी कोंबडी उठून लांब गेली. अंबाजीने गडग्यावरूनच निदान केलं की मशीनला दृष्ट लागली, मीठमोहऱ्या ओवाळा. भाऊसाहेबांनी त्याला सांगितलं की एमएससीआयटीच्या पुस्तकात असा काही उपाय दिलेला नाही. जयमालाने मात्र भाऊसाहेब अंघोळीला गेलेले बघून ओवाळून टाकल्या, आणि योगायोग असा की त्यानंतर आवाज थांबला. भाऊसाहेब याचं श्रेय आपण केलेल्या रीस्टार्टला देतात.

मग ते कामाला लागले ते मात्र पूर्ण तयारीने. जयमालाचे दहाही फोटो टेबलावरच्या एका नव्या फोल्डरात आले. आता त्यांना नावं हवीत. बिननावाचा कागद भाऊसाहेबांना आयुष्यात कधी सहन झाला नाही. वादळानंतर भरपाईसाठी त्यांनी आपल्या घराचे फोटो काढले होते, तेव्हा पंचनाम्याचा क्रम लावला होता: एक घर, दोन छप्पर, तीन विहीर, चार पोफळ, पाच स्वयंपाकघर, असं दहापर्यंत. क्रम नामी होता. नवा शोधायचं कारण नव्हतं. नव्या फोटोंनाही त्यांनी तीच नावं, त्याच क्रमाने दिली. मग प्रश्न आला, हे कायमचे ठेवायचे कुठे. तर एका विषयाला एकच फाइल, हे तत्त्व. 'घर व वाडी' नावाचं फोल्डर वादळाच्या वेळचं होतंच. त्यांनी नवे फोटो उचलले आणि त्यात पेस्ट केले.

कॉम्प्युटरने अदबीने विचारलं: ह्या नावाचे दहा फोटो इथे आधीच आहेत. ते काढून नवे ठेवू, की नवे वगळू?

एखादा साधा माणूस इथे थबकला असता, त्याने उघडून बघितलं असतं. पण जुनं रेकॉर्ड नष्ट करू का, असा प्रश्न ज्याला उभ्या नोकरीत फक्त धमकीच्या स्वरूपात विचारला गेला, त्याचं बोट विचाराच्या आधी चालतं. जुनं काढायचं? नावच काढू नका. भाऊसाहेबांनी वगळा म्हणून सांगितलं. मग काम झालं की नाही हे तपासायला त्यांनी फोल्डरातले फोटो मोजले. दहा भरले. वीस भरायला हवे होते हे त्यांच्या मनातही आलं नाही, कारण संस्थेने मागितले होते दहाच. हिशोब जुळल्यावर कागद उघडून वाचत बसायची त्यांना सवय नव्हती.

ते दहा पेनड्राइव्हमध्ये गेले. आता एकाच फोटोच्या इतक्या प्रती इकडे तिकडे राहणं बरं नव्हे, त्यात कोंबडीचा अनुभव ताजा होता. टेबलावरचं नवं फोल्डर त्यांनी निकाली काढलं. कचऱ्याची टोपली रिकामी केली. जयमालाचा फोन भरून अडखळत होता, म्हणून त्यातले फोटोही निकाली काढले, आणि फोन त्यांची आठवण महिनाभर ठेवतो हे कळल्यावर ती आठवणही पुसली. सगळं टेबल स्वच्छ. "पोचले सगळे?" जयमालाने विचारलं. "रवानगी झाली," भाऊसाहेब म्हणाले, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांना पाच वाजता कचेरीतून बाहेर पडल्यासारखं वाटलं.

अलिबागला जायच्या दिवशी पेनड्राइव्ह त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होता, वर सेफ्टी पिन. दिघीहून आगरदांड्याची फेरीबोट सुटली तेव्हा जयमाला कठड्याला धरून पाण्याकडे बघत ओठातल्या ओठात भाषण म्हणत होती. आदरणीय व्यासपीठापर्यंत ती बरी जायची आणि पुढे अडायची. भाऊसाहेबांनी तिला धीर दिला की तुला फार बोलावं लागणारच नाही, फोटोच बोलतील. हेच त्यांनी शेजारी स्कूटर धरून उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थालाही सांगितलं, आणि फोटो एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्यातले धोकेही समजावून दिले. आगरदांडा येताच तो गृहस्थ घाईने गेला.

सभागृह बायकांनी भरलेलं होतं. किनाऱ्यावरच्या गावागावांतून त्या आल्या होत्या. त्यांच्या फोटोंत झोपाळे होते, रंगीत दिवे होते, एकीच्या तर अंगणात कारंजं होतं. संस्थेच्या अध्यक्षा मृणालताई पहिल्या रांगेत बसून टिपणं घेत होत्या. जयमाला तोडणकर असं नाव पुकारलं गेलं. ती माइकपाशी गेली. भाऊसाहेब तिसऱ्या रांगेत ताठ बसले आणि शेजारच्या बाईंना सांगितलं की फोटोंचं सगळं आपण बघितलं.

पडदा उजळला. खाली नाव आलं, 'एक घर'. वर घर नव्हतं. वर चार भिंती होत्या, त्यांच्यावर आभाळ होतं आणि ओटीवर एक माड आडवा पडला होता.

भाऊसाहेबांना आधी वाटलं, कुणा दुसऱ्याचे फोटो लागले. मग त्या भिंतीवर त्यांना फ्रेम दिसली, काच फुटलेली, त्यांच्याच सर्टिफिकेटाची. ते अर्धवट उठले, थांबवा म्हणायला, पण मागच्या बाईंनी खाली बसायला सांगितलं. तोवर 'दोन छप्पर' आलं होतं. छप्पर शेजाऱ्याच्या विहिरीत होतं. सभागृहात कुणी चुळबुळही करीना. झोपाळेवाल्या, कारंजेवाल्या, सगळ्या पडद्याकडे बघत होत्या, आणि जयमाला पडद्याकडे पाठ करून उभी होती ती वळली.

भरपाईच्या वेळी हे फोटो तिने बघितले नव्हते. बघवणार न्हाय, म्हणाली होती. आता तिने एकेक नीट बघितला. व्यासपीठावरचे आदरणीय ती तिथेच विसरली.

"हे माझं घर," ती म्हणाली. "वीस सालचं."

'चार पोफळ' आलं. पडलेल्या पोफळींच्या राशीशेजारी जयमाला उभी होती, केस पिंजारलेले, पदर खोचलेला. "ही मी. ह्यांनी मला हितं उभी केली ती झाडांची रास केवढी हाय ते कळावं म्हणून. भरपाईला झाडं मोजायची होती, मला न्हाय." सभागृह हसलं, आणि हसताना दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. 'पाच स्वयंपाकघर' आलं. मोडलेल्या माडांमध्ये तीन दगडांची चूल, वर मोठं पातेलं. "ही पेज हाय. आळीत कुणाची चूल पेटत नव्हती. माझं पातेलं तेवढं शाबूत ऱ्हायलं, म्हणून आख्खी आळी त्या दिवशी हितं जेवली. पाहुण्यांना जेवायला घालायचा धंदा माझा तिथनं चालू झाला बघा. खोल्या मागनं बांधल्या."

ती बोलत राहिली. पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती आणि मृणालताईंचं पेन टिपणावर थांबलं होतं. कुठली रोपं कुठून आणली, कुठली जगली, कुठली पुन्हा लावली, हे सगळं तिने त्या पडक्या फोटोंवर बोट ठेवून ठेवून सांगितलं. भाऊसाहेब ऐकत होते. हे सगळं त्यांच्याच घरात घडलं होतं, आणि त्या काळात आपण कचेरीतून कचेरीत फाइल नेत होतो आणि घर आपणच उभं करतोय असं समजत होतो, हे त्यांना तिसऱ्या रांगेत बसून पहिल्यांदा दिसलं. त्यांना लाज वाटायला हवी होती. पण ऊर इतका भरून आला होता की लाजेला आत जागाच राहिली नाही.

दहा फोटो संपले. पडदा पांढरा झाला. मृणालताई म्हणाल्या, "फार सुंदर. आता आत्ताच्या घराचे फोटो दाखवा."

भाऊसाहेब उभे राहिले. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. "मॅडम, ते... त्यांची रवानगी..." एवढंच त्यांना जमलं. जयमालाने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं कळतं. तिने माइक जवळ ओढला.

"आत्ताचे आणले न्हायत," ती म्हणाली. "आत्ताचं घर फोटोत बघायचं न्हाय. यायचं, वाडीत फिरायचं, जेवायचं आणि मग सांगायचं कसं हाय ते. मी भाताला आधण ठेवते."

टाळ्या इतका वेळ वाजल्या की पुढच्या बाईंना दोनदा परत बसावं लागलं. संध्याकाळी निवड जाहीर झाली तेव्हा पहिलं नाव जयमालाचं होतं. मृणालताईंनी तिथेच सांगून टाकलं की पहिली सहल संस्थेच्या बायकांचीच, येत्या रविवारी, तोडणकरांकडे.

परतीच्या फेरीबोटीवर, खाडीच्या मध्यावर जयमालाने फोन उघडून बघितला.

"माझ्या फोनातले पण गेले?" मग तिने विचारलं.

"निकाली काढले."

"घडाचा पण?"

भाऊसाहेबांनी मान हलवली. त्या एका फोटोसाठी तिने उन्हात मान वर करून किती वेळ काढला होता ते त्यांनी बघितलं होतं, आणि आता त्यांना तिच्याकडे बघवेना. वाऱ्याने पदर उडत होता तो तिने खोचला.

"घड झाडावर हाय ना," ती म्हणाली. "तो निकाली काढू नका म्हणजे झालं."

रविवारी सकाळपासून आळीत धावपळ होती. मनुबाई खोबरं खवायला आल्या होत्या. अंबाजी सल्ला द्यायला आला होता, त्याला पाणी भरायला लावलं. स्वयंपाकघरातून जयमालाचा आवाज येत होता, कुणाला तरी सोलकढीत मीठ बेताने घालायला सांगत होती. भाऊसाहेब धुतलेला सदरा घालून आळीच्या तोंडाशी उभे राहिले, कारण पाहुणे रस्ता चुकतात. बस आली. ड्रायव्हरने काचेतून डोकं बाहेर काढलं आणि तोडणकर भाऊसाहेबांचं घर कुठलं, असं विचारलं. बोर्लीत कुणीतरी त्याला तसं सांगितलं होतं.

भाऊसाहेबांनी मागे वळून घराकडे बघितलं. नवी कौलं, सारवलेलं अंगण, मागे पोफळींची हिरवी रांग. मग त्यांनी छाती पुढे काढली.

"भाऊसाहेबांचं घर इथे नाही," ते म्हणाले. "हे जयमाला तोडणकरांचं घर. या, आत घ्या. जरा डावीकडून, उजवीकडे तिची रोपं आहेत."